आईच्या गुडघेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड निघालं, गोळ्या आजच बंद करू का?

नाही, आजच बंद करू नका. चिठ्ठीशिवाय तीन महिने रोज पुडी घेणं चूकच होतं, पण ती एका झटक्यात थांबवणं त्याहून धोक्याचं आहे.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल हे हार्मोन बनवतात. बाहेरून त्याच्यासारखंच काम करणारं स्टेरॉइड मिळू लागलं की मेंदू त्यांना हुकूम देणं थांबवतो आणि त्या आळसावतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या झाल्या असतील तर हे झालंच असणार, असं धरून चालायचं. अशात गोळी बंद केली तर शरीरात दोन्हीकडचं कॉर्टिसोल नाही. मग गळून जाणं, मळमळ, पोटात दुखणं, उभं राहताच चक्कर, बीपी घसरणं. त्यात ताप किंवा जुलाब लागले तर जिवावर बेततं.

आधी पुडीत काय आहे ते शोधा. दुकानदाराकडून सुट्या गोळ्या नकोत, मूळ पत्ते (गोळ्यांच्या स्ट्रिप) मागा आणि फोटो काढा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. आकड्यावर जाऊ नका. डेक्सामेथासोनची ०.५ एमजीची गोळी किरकोळ वाटते, पण ती प्रेडनिसोलोनच्या साधारण साडेतीन एमजीला भारी पडते. शरीर स्वतः दिवसभरात बनवतं ते कॉर्टिसोल सुमारे ५ एमजी प्रेडनिसोलोनइतकं असतं, म्हणजे हिशेब लावा. पुडीत बहुधा डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळीही असते. स्टेरॉइडसोबत तिने पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. दुखण्याची गोळी लगेच बंद करता येते, पण कोणती कोणती हे नक्की कळल्याशिवाय अंदाजाने काढू नका.

मग इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत किंवा तुमच्या एमडी डॉक्टरांकडे सगळे पत्ते घेऊन जा. बीपी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, सोडियम-पोटॅशियम हे आधी होईल. डोस पायरीपायरीने उतरवतात आणि ५ एमजी प्रेडनिसोलोनच्या आसपास आला की पुढचे टप्पे आणखी लहान होतात. सकाळी आठ-नऊच्या कॉर्टिसोलची तपासणी तेव्हाच कामाची, पूर्ण डोस चालू असताना ती करणं म्हणजे पैसे वाया. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. ग्रंथी पूर्ववत व्हायला महिने लागतात, कधी वर्षही.

घरी हमखास फसतं ते असं: दोन दिवस गोळी टाळली, अंग मोडून आलं, सांधे जखडले, घरचे म्हणाले, ‘बघ, पुडीशिवाय हिचं चालत नाही’, आणि पूर्ण डोस पुन्हा सुरू. तो गुडघ्यांचा पुरावा नव्हे, डोस भराभर कमी झाल्याचा आहे. एक दिवसाआड गोळी देण्याचा घरगुती उपायही नको.

आईंच्या पर्समध्ये कागद ठेवा: ‘तीन महिने स्टेरॉइड चालू होतं’, औषधाचं नाव, डोस. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल, फार सुस्ती आली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर कॅज्युअल्टीत हेच पहिलं वाक्य सांगा. तिथे हायड्रोकॉर्टिसोन १०० एमजीचं इंजेक्शन देतात. दात काढायचा असो की मोतीबिंदू, पुढचं वर्षभर डॉक्टरांना हे आधी सांगायचं.

हाच सावधपणा झोपेच्या क्लोनाझेपामला, मिरगीच्या गोळ्यांना आणि बीपीच्या मेटोप्रोलोल किंवा क्लोनिडीनलाही लागू आहे. त्याही एकदम सोडायच्या नसतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर झिजेच्या दुखण्यावर रोज तोंडावाटे स्टेरॉइड हा इलाजच नाही. एक्स-रे आणि तपासणी करून घ्या, व्यायाम कोणता तो फिजिओकडून शिका आणि ‘देशी’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या चूर्णापासून दूर राहा, त्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.