गाणं पडलं म्हणून मुलगी जेवत नाही

"मॅडम, कुठल्याशा परदेशी गायिकेचं गाणं चाललं नाही म्हणून माझी मुलगी जेवत नाही, रात्र रात्र जागते, रडते. हे वेड म्हणायचं का?"

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे येणारे बरेच पालक विचारतात. ही मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आवडत्या गायिकेचं संथ, विरहाचं गाणं चार्टवर, म्हणजे लोकप्रियतेच्या क्रमवारीत, फार खाली राहिलं होतं. काही फॅन्स कंपनीवर चिडले होते, काही एकमेकांवर: 'तुम्ही मनापासून स्ट्रीम केलंच नाही.' (गाणं ऑनलाइन वाजवण्याला स्ट्रीम करणं म्हणतात, आणि ते आकडे चार्टसाठी मोजतात.) हा दुसरा आरोप हिला आतून पोखरत होता.

समजूत घालायला मी म्हटलं, "अगं, अमेरिकेच्या हॉट १०० या चार्टमध्ये तिथलेच आकडे धरतात. तू इथून कितीही वाजवलंस तरी..."

"माहितीये. पण जगभरच्या ग्लोबल २०० मध्ये आपलेही धरतात," ती म्हणाली. २०२० पासून तो चार्ट निघतो. तिला काही कळत नाही असं धरून मी बोलले, ही माझी चूक होती.

बोलताना तिचा फोन टेबलावर होता, पॉवर बँकला जोडलेला, हाताला गरम लागणारा. इअरफोन लावून बाजूला ठेवले होते. म्यूट केलं तर मोजत नाहीत म्हणे. गाणं चालू होतं आणि ऐकत कुणीच नव्हतं.

"तू स्वतः शेवटचं कधी ऐकलंस?"

तिने बराच वेळ घेतला. "अकरा दिवस झाले असतील."

मग आम्ही दोघींनी ते स्पीकरवर ऐकलं. दुसऱ्या कडव्याला तिचा बांध फुटला. आजी गेल्यावर महिन्याभरात हे गाणं आलं होतं. "वाटलं, माझं कुणाला तरी कळलंय. आणि तेच पडलं." घरात आजीचा विषय कुणी काढत नव्हतं. आईला रडू येतं म्हणून हीसुद्धा नाही.

पुढच्या भेटीत तिने अमेरिकन गायिका मराया कॅरीच्या चाहत्यांची गोष्ट काढली. २०१८ मध्ये त्यांनी सतरा वर्षांपूर्वी आपटलेला 'ग्लिटर' अल्बम आयट्यून्सवर (गाणी विकणारं ऑनलाइन दुकान) पहिल्या क्रमांकावर नेला होता. मी तिला २००१ सालाबद्दल सांगितलं. तोवर पंधरा गाणी अव्वल ठरलेली ही गायिका त्या उन्हाळ्यात थकव्याने रुग्णालयात होती. अल्बम आला तो नेमका ११ सप्टेंबरला, अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला त्याच दिवशी. त्यातलं 'नेव्हर टू फार' हे संथ गाणं हॉट १०० मध्ये शिरलंसुद्धा नाही. आपल्याला त्याच वर्षी बायपोलर विकाराचं (मन टोकाच्या उत्साहात आणि टोकाच्या उदासीत झुलण्याचा आजार) निदान झालं होतं, हे मरायाने स्वतः २०१८ मध्ये सांगितलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे तेव्हा चाहत्यांनी कितीही वाजवलं असतं तरी..." वाक्य तिने पुरं केलं नाही, मीही केलं नाही.

पालकांनो, "एवढंसं गाणं ते" असं म्हणू नका. ते कुठलं गाणं आहे ते विचारा, सोबत बसून ऐका. झोप, जेवण, कॉलेज दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं तर मात्र थांबू नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

ती आता रात्री फोन आईच्या खोलीत ठेवते. झोपण्याआधी दोघी ते गाणं एकदा ऐकतात, आणि आजीचं बोलणं निघतं. चार्ट ती अजून दर आठवड्याला बघते. ते बंद कर, असं मी सांगितलेलं नाही.