शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत कोणते मासे एकत्र गुण्यागोविंदाने राहतील?

माझी पसंती अशी: मधल्या थरात ८-१० निऑन टेट्रा, तळाला ६ कोरीडोरस आणि वर एकच हनी गोरामी. तिघांनाही २४-२५ अंश तापमान चालतं आणि कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. निऑन आणि कोरी हे कळपाने राहणारे मासे, त्यामुळे 'प्रत्येक रंगाचे दोन-दोन' असं करू नका. दोनच निऑन आणले तर ते दिवसभर झाडामागे दडून बसतात. कोरीसाठी तळाला बारीक वाळूच हवी. ते तोंड खुपसून अन्न शोधतात आणि टोकदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात.

एंजल मासा दिसायला देखणा, पण मोठा झाला की निऑन सरळ गिळतो. टायगर बार्ब गप्पी-गोरामीच्या पंखांचे लचके तोडतो. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, शिवाय घाण फार करतो. तो या मेळात नकोच. ऑस्कर दुकानात बोटाएवढा दिसतो, पुढे फूटभर होतो. गप्पी ठेवायचे तर फक्त नर घ्या, नाहीतर पिल्लांचा सुकाळ.

मासे आणण्याआधी फिल्टर लावून, थोडा अमोनिया घालत टाकी ४ ते ६ आठवडे मुरू द्या, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार होतात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्य आले की आधी कोरी सोडा, पंधरवड्याने निऑन, गोरामी शेवटी. आधीच सोडलेला गोरामी टाकी आपल्याच मालकीची समजतो!