ब्रदर होणं म्हणजे फादर होण्यात नापास होणं का?

तुमचा भाऊ बारावीनंतर कॅथलिक चर्चचा ब्रदर व्हायला जायचं म्हणतोय, आई ‘मग फादरच का होत नाहीस?’ म्हणून रडतेय, आणि तुम्ही विचारताय की पाठवावं का, किती वर्षं लागतात. हे वाचून गप्प बसवेना. आमच्या घरात हेच वाक्य थोरल्या काकांच्या तोंडून ऐकत आलोय.

सेमिनरीत फादर व्हायला शिकणाऱ्या पोरांनाही आपण ब्रदरच म्हणतो, त्यामुळे लोकांना ती खालची पायरी वाटते. तुमच्या भावाचं तसं नाही. संघात म्हणजे व्रतं घेतलेल्यांच्या गटात राहायचं, दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं घ्यायची. फादर होताना मिळते ती दीक्षा नाही, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणायची नाही, कन्फेशन ऐकायचं नाही.

माझा दादा असाच गेला. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. पहिली व्रतं घेऊन सुट्टीला आला तेव्हा आईनं सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा झणझणीत रस्सा) केलं होतं, सगळं गणगोत जेवायला. काका ताटावरच म्हणाले, “मिस्सा म्हणायची न्हाई, तर मग एवढी वर्षं तिथं काय करूलालास?” दादा म्हणाला, बोर्डिंगची पोरं बघतो, वर्कशॉप बघतो. काकांनी पाव मोडला आणि माझ्या आईकडे असं बघितलं की जणू पोरगं दहावीत नापास झालंय. दुपारी त्यांच्याच मळ्यातली मोटर पाणी उचलेना. दादा लुंगी खोचून विहिरीत उतरला, फूटव्हॉल्व्हमध्ये अडकलेला पालापाचोळा काढला, पाइपात पाणी भरून मोटर चालू केली. काका बांधावरून म्हणतात, “हे फादरला जमलं नसतं बघ!” कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही.

मी त्यांना संत आल्फोन्सस रॉड्रिग्जचं उदाहरण दिलं. बायको-मुलं वारल्यावर चाळिशीच्या आसपास जेझुइट संघात ब्रदर झालेला माणूस, स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या कॉलेजच्या दारावर कित्येक वर्षं दारवान. पीटर क्लेव्हर तिथं शिकायला आला, त्याला अमेरिकेतल्या मिशनची ओढ लावली ती या दारवानानं. क्लेव्हर फादर झाला, हा ब्रदरच राहिला, आणि 1888 मध्ये दोघेही एकाच दिवशी संत ठरले. काका म्हणाले, “ते स्पेनात. खानापुरात कोण इचारतंय?” खरं दुखणं हेच. पोराच्या पाचारणाचं, म्हणजे त्याला आलेल्या देवाच्या हाकेचं, कुणाला पडलेलं नसतं, आपल्या घरातला माणूस वेदीवर दिसायला हवा असतो.

आता वर्षांचं. आधी काही काळ पूर्वतयारी, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा उमेदवारीचा काळ. त्यासाठी वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत आणि तो निदान 12 महिन्यांचा असतो, जेझुइटांत 2 वर्षं. पुढं बहुतेक संघांत निदान 3 वर्षं तात्पुरती व्रतं. तिथं कायमची व्रतं 21 च्या आत घेताच येत नाहीत. म्हणजे विचार बदलायला भरपूर वेळ आहे, आईला हे नीट सांगा. बिशप हाऊसमध्ये चौकशी केलीत तर धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या, फादरांच्या वाटेचीच माहिती पुढं येईल. ब्रदर संघातच होतात, तेव्हा थेट संघाला लिहा. इंग्रजीची तयारी आत्तापासून करून घ्या. मराठी शाळेतून गेलेल्या दादाला पहिलं वर्ष प्रार्थनेपेक्षा डिक्शनरीच जास्त हातात होती. कन्नडही येत असेल तर बरंच.

एक मात्र आहे. फादर आणि ब्रदर दोघेही असलेल्या संघात ब्रदरला काही ठिकाणी राबवून घेतात, ठरवणारे फादरच. अशा संघात ब्रदरला वरिष्ठ नेमायची वाट पोप फ्रान्सिसनी 2022 मध्ये, तीही परवानगीच्या अटीवर, मोकळी केली. म्हणून निवडलेल्या संघात जाऊन चार दिवस राहून या, ब्रदर कुठं बसून जेवतात तेही बघा. सगळेच ब्रदर असलेले संघही आहेत. आणि मी स्वतः आत कधी राहिलेलो नाही, हे सगळं दादाकडून ऐकलेलं.

काकांना 2022 चंही सांगितलं. त्यानंतर धाकटीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी दादाच्या नावापुढं ‘रेव्ह. फादर’ छापायला दिलं. प्रेसमध्ये जाऊन ते मी खोडायला लावलं, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.