राजारामपुरीत पत्ता सापडतो, मग उपनगरात रस्ता भिंतीला का धडकतो?

प्रश्न: पुण्याहून बदली होऊन कोल्हापुरात आलोय. राजारामपुरीत कुठलीही गल्ली दोन मिनिटांत सापडते. पण पाचगाव, कळंबा, फुलेवाडी रिंगरोड या बाजूला रस्ता अचानक संपतो, पुढे भिंत, आणि भिंतीपलीकडे पुन्हा तसाच रस्ता. हे असं का? तिकडे प्लॉट घ्यायचा विचार आहे, काय बघावं?

उत्तर:

मी रेखांकनाची कामं करतो, म्हणजे शेतजमिनीचे प्लॉट पाडून नकाशे मंजुरीला लावायची. त्यामुळे तुम्ही म्हणता त्या भिंती माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

राजारामपुरी संस्थानानं वसवली. रस्ते आधी आखले, घरं नंतर आली. मधोमध मोठा रस्ता, त्याला काटकोनात गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. त्याआधी 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, तिथेही गल्ल्यांना नंबरच. जयसिंगपूरला कधी गेलात तर बघा, 1917 साली वसवलेलं ते अख्खं गावच पट्टी लावून आखल्यासारखं आहे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ यांचं तसं नाही, तिथल्या बोळांत पाहुणा हमखास चुकतो. पण त्या बोळांतही एक गोष्ट आहे: बहुतेक बोळ कुठेतरी निघतात. शेकडो वर्षं माणसं चालून चालून पडलेल्या वाटा आहेत त्या.

उपनगरात यातलं काहीच झालं नाही. तिथे रस्त्याचं माप सातबाऱ्यावरून ठरलं.

आमच्याकडे शेताची वाटणी बहुतेक उभी होते, कारण प्रत्येक भावाला पाणंदीला तोंड पाहिजे असतं. दोन पिढ्या वाटण्या झाल्या की शेताच्या लांबच लांब पट्ट्या उरतात. समजा दोन चुलत भावांच्या शेजारी शेजारी दोन पट्ट्या आहेत, प्रत्येकी 26 मीटर रुंद आणि 150 मीटर लांब. म्हणजे प्रत्येकी 3,900 चौरस मीटर, साडेअडतीस गुंठ्यांच्या आसपास. पहिला भाऊ प्लॉट पाडतो. एका कडेनं बांधाला लागून 9 मीटरचा रस्ता, उरलेल्या 17 मीटरमध्ये प्लॉटची एक रांग. चार वर्षांनी दुसरा भाऊही तेच करतो, त्याचाही रस्ता बांधालाच लागून. झालं काय, तर 9 मीटरचे दोन रस्ते एकमेकांना खेटून आणि मध्ये कंपाउंडची भिंत. कचऱ्याचा टिपर एका रस्त्यानं आत जातो, रिव्हर्स घेत बाहेर येतो, मुख्य रस्त्यावरून वळसा घालतो आणि दुसऱ्या रस्त्यानं पुन्हा आत जातो. अग्निशमनच्या गाडीचंही तेच.

आता हेच दोघांनी मिळून केलं असतं तर? रुंदी 52 मीटर, मधोमध एकच रस्ता, दोन्ही बाजूंना साडेएकवीस मीटर खोलीचे प्लॉट. एक रस्ता वाचला, म्हणजे 1,350 चौरस मीटर वाचले. एकत्र क्षेत्र 0.4 हेक्टरच्या वर जातं, मग नियमाप्रमाणे 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, ती 780 चौरस मीटर. ती वजा करूनही दोघांचे मिळून 570 चौरस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठे जास्त विकायला उरतात, वर पोरांना खेळायला जागा मिळते ती वेगळीच. हा हिशेब मी पुष्कळ जणांना कागदावर मांडून दाखवतो. मान डोलावतात, चहा पितात आणि म्हणतात, "ते खरं हाय ओ, पण चुलत्याबरोबर सही? जमायचं न्हाई."

आणखी एक मेख आहे. 3,900 चौरस मीटर म्हणजे 0.4 हेक्टरच्या किंचित आत, त्यामुळे वेगवेगळं रेखांकन केलं की खुली जागा सोडायचं बंधनच येत नाही. काही जण मुद्दाम तुकडे करून आणतात. नियमात बसतं, मंजूर होतं. आणि ज्यांनी मंजुरीच घेतली नाही, स्टॅम्पवर गुंठा गुंठा विकला, ती गुंठेवारी. तिथे रस्ता म्हणजे विकून उरलेली जागा.

फूटभर पट्टीची चलाखीही माहीत असू द्या. रस्ता शेजारच्या हद्दीपर्यंत न नेता शेवटी एक-दीड फुटाची पट्टी मूळ मालक स्वतःच्या नावावर ठेवतो. उद्या शेजाऱ्याला रस्ता जोडायचा झाला की त्या पट्टीची किंमत मागायची. तुम्ही बघितलेल्या भिंतींपैकी काही अशा पट्टीवर उभ्या असणार. काही मात्र कॉलनीवाल्यांनीच घातलेल्या असतात, बाहेरच्या गाड्या नकोत म्हणून. त्यांचंही मला पूर्ण चूक वाटत नाही.

मग वरून कोणी जोडत का नाही? इथे हद्दवाढीचा विषय येतो. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं हद्द तीच राहिली, 66.82 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या जवळ होती, पण शहर तोवर हद्द ओलांडून पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी इथे केव्हाच पोचलं होतं. एकाच रस्त्याचा अर्धा भाग महापालिकेत, अर्धा ग्रामपंचायतीत. हद्दवाढीऐवजी 2017 मध्ये 42 गावांसाठी प्राधिकरण, म्हणजे त्या गावांच्या नियोजनासाठी वेगळी सरकारी यंत्रणा झाली. गावांना दोन्ही नको होतं. त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं: शेतावर आरक्षण पडलं, म्हणजे ते रस्ता, बाग अशा सार्वजनिक कामासाठी नकाशावर राखून ठेवलं की विकता येत नाही, बांधता येत नाही आणि पैसेही वेळेवर येत नाहीत. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, पण म्हणजे आधी 10 वर्षं थांबायचं. कोणाला परवडतं?

यावर उपाय जुनाच आहे, टी. पी. स्कीम, म्हणजे नगररचना योजना. मुंबई प्रांतात 1915 सालापासून त्याचा कायदा आहे. विलेपार्ले, सांताक्रूझचे कितीतरी प्लॉट त्यातूनच पडले. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, बांध पुसायचे, रस्ते, बागा, शाळेची जागा काढायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला त्याच्या हिश्शाचा चौकोनी, रस्त्याला लागलेला प्लॉट परत द्यायचा. जमीन कमी मिळते, भाव जास्त मिळतो. अहमदाबादचा सरदार पटेल रिंगरोड बराचसा याच मार्गानं झाला. भूजमध्ये तर 2001 च्या भूकंपानंतर जुन्या दाट वस्तीतले रस्ते अशाच योजनांतून रुंद केले. काठमांडूतही जमीन एकत्रीकरणाच्या योजना झाल्या आहेत. माझं मत विचाराल तर हद्दवाढ होवो न होवो, रिंगरोडच्या आसपास अजून ऊस उभा आहे तिथे हे आत्ताच करायला पाहिजे. प्लॉट विकले गेल्यावर एका चुलत्याच्या जागी चाळीस मालक होतात.

आता तुमच्या प्लॉटचं. ब्रोकर दाखवतो तो रंगीत नकाशा बाजूला ठेवा आणि मंजूर रेखांकनाची शिक्क्याची प्रत मागा. त्यात रस्ता हद्दीपर्यंत भिडलाय की मध्ये पट्टी सोडलीय ते बघा. रस्त्याचं क्षेत्र कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर तपासा, मूळ मालकाच्याच नावावर असेल तर उद्या वाद होऊ शकतो. खुली जागा दाखवली असेल तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन ती शोधा. शेजारच्या गटाचं रेखांकन मंजूर असेल तर तेही मिळवा आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवून रस्ते जुळतात का बघा. विकास योजनेचा रस्ता प्लॉटवरून जात नाही ना, हे झोन दाखल्यात, म्हणजे विकास योजनेत ती जमीन कशासाठी दाखवलीय त्याच्या सरकारी दाखल्यात, कळेल.

आणि जूनच्या शेवटी, चांगला पाऊस लागल्यावर एकदा जाऊन या. रस्ता जिथे संपतो तिथे गटारही संपतं. ते पाणी पुढे कोणाच्या प्लॉटमध्ये शिरतंय ते बघा, आणि तो प्लॉट तुमचा नसेल तरच इसार द्या.