कपलरची पिन ढिली आहे का? मीटर बाजूला ठेवा

खड्ड्यातून गेलं की इंजिन झटका देतं, चेक लाइट पेटते, बॅटरीची वायर काढून लावली की थोडे दिवस गाडी शहाण्यासारखी चालते. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी तुमच्या पार्किंगमध्ये शिरलं होतं, आणि आता कपलरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लगमधली) पिन घट्ट बसते का हे बघायला कुठलं टूल घ्यावं असं तुम्ही विचारलंय. हुबेहूब माझ्या गाडीचं दुखणं. बॅटरी, अर्थ, फ्यूज तुम्ही बघितलेच असतील.

महागडा टर्मिनल टेस्ट किट मागवायची घाई करू नका. खरं टूल म्हणजे त्याच जातीची, त्याच मापाची मेल पिन (आत शिरणारी; जिच्यात ती शिरते ती फीमेल). पातीची रुंदी व्हर्नियरने मोजा: बारीक सिग्नलच्या पिना बहुधा ०.६४ मिमी, त्याहून मोठ्या १.५ आणि २.८, रिलेची रुंद पाती ६.३. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) कपलरसाठी भंगारातल्या बंद ईसीयूची सरळ, स्वच्छ पिन कापून घ्या आणि धरायला तिला वायर डकवा. वायरिंगच्या बाजूच्या फीमेलमध्ये ती सरळ घाला, सरळ ओढा. ओढताना हाताला अडकल्यासारखं लागलं पाहिजे. मग शेजारच्या चार भोकांतही तसंच करून बघा. आकडा लागत नाही, फरक बोटाला कळतो. फक्त उगाच पुन्हापुन्हा घालूकाढू नका, टिनचं प्लेटिंग झिजतं.

आता ज्याने माझे सगळ्यात जास्त पैसे घालवले ते. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव घेत नाही) काचेपलीकडून मी बघत होतो. पोराने ईसीयूचा कपलर काढला आणि मल्टिमीटरचा जाडा प्रोब (टोकाची सळई) समोरून त्या बारीक भोकांत दाबून बसवला. मीटरच्या प्रोबचं टोक साधारण दोन मिमी, भोक ०.६४ च्या पिनेचं. आतली स्प्रिंग कायमची फाकते. मीटर मात्र ‘टू’ वाजवून सगळं ठीक सांगतो, कारण तो अगदी क्षीण करंट सोडतो आणि नुसता स्पर्श त्याला पुरतो. गाडी हलायला लागली की ढिली पिन सूक्ष्म घासते, टिनवर ऑक्साइड धरतो आणि सिग्नल तुटतो.

त्यानंतर त्यांनी क्रँक सेन्सर बदलला, मग थ्रॉटल बॉडी, मग म्हणाले ईसीयूच गेलाय. मी नुसती फीमेल पिन मागितली तर पार्ट्स काउंटरवरून उत्तर आलं, ‘सुटी मिळत नाही, आख्खं वायरिंग घ्या.’ आणि जॉब कार्डवर काय? दोष आढळला नाही! अजूनही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने असाच पिनेचा तुकडा घालून ओढला आणि म्हणाला, ‘आ तो ढीली छे.’ ढिली निघाली ती नेमकी प्रोब घुसवलेलीच दोन भोकं. बाकीची रांग पक्की धरत होती. भंगारातल्या त्याच जातीच्या कपलरमधून वायरसकट पिना काढून त्याने जोडल्या.

माझं मत, कंपनीच्या माणसाला पटणार नाही कदाचित: कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ढिली पिन घट्ट होत नाही, आणि सुईने आत चेपलेली पिन फार काळ टिकत नाही. बदलाच. पुराच्या गाडीत हिरवट झालेली पिनही बदला. मी मेकॅनिक नाही, हे माझ्या एका गाडीवरून सांगतोय.

मोजायचंच असेल तर मागून, वायरच्या बाजूने बारीक बॅक-प्रोब (सुईसारखा पातळ प्रोब) घाला. वायरचं कव्हर टोचू नका, पावसाळ्यात तिथूनच पाणी आत जातं. पॉवरची किंवा अर्थची वायर असेल तर ईसीयू काढून ठेवून २१ वॅटचा बल्ब लावा. पावणेदोन अँपियर ओढताना बल्ब मंद पडला तर वाटेत कुठेतरी दम नाही हे दिसतंच. सिग्नलच्या वायरीवर बल्ब लावू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर घरी हातच लावू नका.

तुमच्या कपलरचा मागच्या बाजूचा फोटो टाका, पिनांचं कुलूप कुठल्या बाजूने उघडतं ते सांगतो.