सीटी स्कॅनमधलं ‘इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे कॉम्प्युटरचा अंदाज का?

वडिलांच्या सीटी रिपोर्टमध्ये ‘इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन’ असं लिहिलंय, म्हणजे कॉम्प्युटरने मनानेच चित्र काढलं का, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीत सीटीच्या कन्सोलवर बसतो, म्हणून लिहितो. अंदाज असतो खरा, पण अंदाजपंचे दाहोदरसे नाही.

मुळात सीटीचं मशीन फोटो काढतच नाही. ट्यूब शरीराभोवती फिरते आणि एकेक किरण आरपार जाताना किती शोषला गेला, ते समोरचा डिटेक्टर मोजतो. म्हणजे हाती लागते ती फक्त त्या रेषेवरची एकूण बेरीज. आतल्या ठिपक्यांच्या किमती त्यावरून शोधायच्या.

कागदावर करून बघा. चार घरांचा चौकोन काढा. आडव्या ओळींच्या बेरजा ७ आणि १३, उभ्या ९ आणि ११, तिरक्या १४ आणि ६. एकूण २०, म्हणून प्रत्येक घरात ५ धरून सुरुवात करा. वरची ओळ १० भरते, हवेत ७. जास्तीचे ३ दोन्ही घरांतून निम्मे-निम्मे काढा, ३.५ उरतात. खालच्या ओळीत तसंच ६.५. मग उभ्या बेरजा जुळवा: वर ३ आणि ४, खाली ६ आणि ७. आता आडवं-उभं सगळं बरोबर, तरी उत्तर चूक! तिरक्या बेरजा जुळवल्या की वर ५ आणि २, खाली ४ आणि ९ येतात. खरं उत्तर ते. मशीन शेकडो कोनांतून का मोजतं, ते इथे कळतं. अंदाज धरा, त्यावरून बेरजा काढा, मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघा, फरक वाटून द्या, पुन्हा तेच. झालं इटरेटिव्ह.

कल्पना जुनीच. गणित काचमार्झ या पोलिश गणितज्ञाने १९३७ साली मांडलं होतं आणि सीटी स्कॅनरचा जनक हाउन्सफील्ड याच्या सुरुवातीच्या यंत्रातही अशीच पद्धत होती. तेव्हा चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं असे, आज सहसा ५१२ गुणिले ५१२. मधली बरीच वर्षं एका झटक्यात चित्र देणारी फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन पद्धतच चालली, कारण ती वेगवान. तिच्यातला एक नेहमीचा फिल्टर आपल्या जी. एन. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांच्या १९७१ च्या कामातून आलाय, हे आमच्या क्षेत्रातल्याही अनेकांना माहीत नसतं.

पण त्या पद्धतीला सगळे किरण सारखेच. आंब्याच्या हंगामात कलमावरून पडलेले लोक आमच्याकडे येतात. हात मोडलेला, वर घेता येत नाही, त्यामुळे खांद्यांतून आडवे जाणारे किरण डिटेक्टरपर्यंत जेमतेम पोचतात आणि चित्रावर आडव्या रेघोट्या उठतात. नव्या इटरेटिव्ह पद्धतींपैकी बऱ्याच पद्धती अशा कमजोर किरणांच्या आकड्याला वजनच कमी देतात. रेघोट्या पुष्कळ कमी होतात.

माझ्या मते खरा फायदा डोसचा, म्हणजे शरीरात जाणाऱ्या किरणांच्या मात्रेचा. किरण निम्मे केले की नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, साधारण १.४ पट वाढतो. इटरेटिव्हमध्ये तो आटोक्यात राहतो, म्हणून कमी किरणांत काम भागतं. वडिलांचा स्कॅन पुन्हापुन्हा होणार असेल तर ही जमेची बाजू.

खोटही आहे. नॉइज दाबायचा जोर फार ठेवला तर चित्र प्लास्टिकसारखं गुळगुळीत दिसतं आणि यकृतातली फिकट गाठ त्यात विरघळू शकते. म्हणून जोर किती ठेवायचा ते आम्ही रेडिओलॉजिस्टना विचारूनच ठरवतो. काही जण दोन्ही पद्धतींची चित्रं मागतात.

वडिलांचा जुना स्कॅन असेल तर त्याची सीडी सोबत न्या. तो जुन्या पद्धतीचा असेल, तर दोन्हींचा पोत वेगळा दिसेल. फरक आजारामुळे की पद्धतीमुळे, हे डॉक्टर सीडी लावून सांगू शकतील. नुसत्या छापील फिल्मवरून ते अवघड जातं.