ट्रस्ट करा, पण घर कोणाचं ते आधी पाहा

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): माझं वय 71. यजमान 2019 मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. घर त्यांच्या कमाईचं आणि त्यांच्याच नावावर आहे. माझ्या 38 लाखांच्या ठेवींत मुलीचं नाव जोडलेलं आहे. ती पुण्यात असते. 40 वर्षांच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, तो माझ्याजवळ असतो. अमेरिकेतला भाचा म्हणतो, 'लिव्हिंग ट्रस्ट' (हयातीतच केलेला ट्रस्ट) करून घर आणि पैसा सगळं त्यात टाक. टाकू का?

उत्तर: पैशांचा ट्रस्ट जरूर करा, म्हणजे पैसा विश्वस्तांच्या हाती सोपवायचा आणि त्यांनी तो मुलासाठी वापरायचा. घर मात्र आत्ता त्यात घालू नका. पूर्ण घर घालणं तुमच्या हातातही नाही, कारण ते एकट्या तुमचं नाही. मृत्युपत्र नसल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगी आणि मुलगा असे तीन सारखे वाटे झाले आहेत. (यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात असतील तर चार.) नगर निगमात नामांतरण होऊन मालमत्ता कराच्या पावतीवर तुमचं नाव आलं असलं, तरी त्यानं मालकी ठरत नाही.

मुलीला तिचा वाटा तुमच्यासाठी सोडायचा असेल, तर हक्कत्यागपत्राची रजिस्ट्रीच हवी. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेला कागद इथे चालत नाही, आणि ही चूक उघडी पडते ती वीस वर्षांनी, घर विकताना. मुलाच्या वाट्याला हात लावू नका. तो हक्क सोडू शकत नाही आणि त्याच्या वतीनं तुम्हीही सही करू शकत नाही. तो वाटा त्याच्याच नावावर राहणं त्याच्या हिताचं आहे. प्लॉट विकास प्राधिकरणाच्या लीजचा असेल, तर लीज अजून कोणाच्या नावावर आहे तेही तपासा.

तुमचा स्वतःचा वाटा मृत्युपत्रानं ट्रस्टला द्या. त्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही आणि तुम्ही असेपर्यंत तो तुमच्याच हातात राहतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, पण मुलीची नको.

अमेरिकेत असा ट्रस्ट बहुतेक जण प्रोबेटचा (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा) वेळ आणि खर्च वाचवायला करतात. इंदुरात मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही, आणि वारसा कर आपल्याकडे 1985 पासून नाही. तुमचं कारण याहून मोठं आहे. तुमच्या पश्चात ठेवींतला मुलाचा वाटा त्याच्या नावावर येईल आणि तो खातं चालवू शकणार नाही. मुलीचं नाव जोडलंय म्हणून पैसा तिचा होत नाही. बँकेनं तो कोणाच्या हाती द्यायचा एवढंच त्यानं ठरतं.

म्हणून 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट करा. पहिल्या विश्वस्त तुम्ही, सोबत मुलगी, आणि तिसरी व्यक्ती बाहेरची. ती का, ते सांगतो. मुलाच्या मागे उरलेला पैसा बहुधा मुलीकडे जाईल असं तुम्ही लिहाल. मग त्याच्यावर जितका कमी खर्च, तितकं तिला जास्त उरणार. मुलगी कितीही चांगली असली तरी तिला या पेचात एकटं ठेवू नये. कोणी विश्वस्त गेला किंवा थकला तर पुढचा कोण, हेही ट्रस्टच्या लेखातच (दस्तऐवजात) लिहा.

ट्रस्ट रद्द करण्याचा अधिकार तुमच्या हयातीपुरता स्पष्ट शब्दांत राखून ठेवा. लेखात तो नसेल, तर नंतर ट्रस्ट मोडायला सज्ञान आणि सक्षम लाभार्थींची (ज्यांच्यासाठी ट्रस्ट आहे त्यांची) संमती लागते, आणि तुमचा मुलगा ती देऊ शकणार नाही. अधिकार राखल्यामुळे तोपर्यंतचं उत्पन्न तुमच्या आयकर विवरणपत्रात धरलं जाईल. ते मान्य करा. तुमच्यानंतर मात्र मसुद्यातले शब्द महाग पडू शकतात. मुलगा एकटा लाभार्थी आणि त्याचा वाटा निश्चित असेल, तर कर त्याच्या दरानं लागतो. 'विश्वस्तांना योग्य वाटेल तेवढं' असं लिहिलं, तर साधारणपणे सर्वोच्च दरानं. सही करण्याआधी मसुदा सीएला दाखवाच.

लेख झाला, ट्रस्टचा पॅन आला, आणि पैसा जुन्याच खात्यात राहिला, असं फार घरांत होतं. असा ट्रस्ट रिकामा असतो. ट्रस्टच्या नावानं खातं उघडा आणि प्रत्येक ठेवीची मुदत संपली की रक्कम तिथे वळवा. मुदतीआधी मोडून व्याज घालवू नका. 5-6 लाख आजारपणासाठी स्वतःच्या नावावर ठेवा.

राहिलं पालकत्व. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे आई असूनही तुम्ही त्याच्या कायदेशीर पालक नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे पालक म्हणून नेमणुकीसाठी अर्ज करा. तिच्याबद्दल कलेक्टर कार्यालयात चौकशी करा. सज्ञान मुलाचा पालक मृत्युपत्रानं नेमता येत नाही, म्हणून तुमच्या मागे मुलीला नवा अर्ज करावा लागेल. त्याचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि आधार यांच्या प्रती आजच तिच्याकडे पुण्याला पाठवून ठेवा, आणि तुमच्या नेमणुकीचा आदेश हाती आला की त्याचीही.